मोरीतले पाणी जाते कुठे?

श्रोतेहो, वर्गात मी एकदा मुलांना विचारले, "तुमच्या मोरीतले पाणी कुठे जाते?" उत्तर आले, "बाहेर." या 'बाहेर'चा इतिहास आज सांगायचा आहे. गडकोटांच्या गोष्टी सोडून हा गृहस्थ गटाराकडे कुठे वळला, असे म्हणू नका. लढाई गावावर एखाद्या पिढीत येते. सांडपाणी रोज येते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शहरांत घरोघर नळ आले, पाठोपाठ पाण्याचे संडास आले, आणि सारा मैला नदीत जाऊ लागला. वरचे गाव सोडी, खालचे पिई. पटकी आणि विषमज्वर यांना निराळे आमंत्रण लागले नाही. मैलापाण्यात चुना घालून पाहिला, तर गाळाचे ढीग साचले. शेतात सोडून पाहिले, तर जमीन पुरेना.

अशा वेळी, १८९५ साली, डेव्हन परगण्यातल्या एक्झेटर या लहान शहरात डोनाल्ड कॅमेरॉन या नगर-सर्व्हेअरने एक झाकलेली टाकी बांधली. फ्रान्समध्ये व्हझूल गावच्या मुरा नावाच्या गृहस्थाने तसली बंद टाकी आधीच करून पाहिली होती. कॅमेरॉनने ती शहराच्या कामाला जुंपली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केले. युक्ती काय, तर पाण्याला घाई करू द्यायची नाही. संथ पाण्यात जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर येतो, आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू खालचा गाळ पचवतात.

पण मास्तर मंडळी, पुढची पायरी मुलांना मुद्दाम सांगा. टाकीतले पाणी कॅमेरॉनने थेट नदीत सोडले नाही. ते गाळणवाफ्यांत घेतले. तिथे हवेवर जगणारे जंतू उरलेले काम करीत. टाकीतून आलेले पाणी निवळ दिसले तरी रोगजंतू त्यात असतातच. आपल्याकडे पुष्कळ घरांत टाकी आहे. शोषखड्डा मात्र नाही, आणि टाकीचे तोंड उघड्या गटारात!

ही विद्या मुंबईस लवकरच आली. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात विसाव्या शतकाच्या आरंभी टाकीतला वायू धरून त्यावर एंजिन चालवले गेले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्या वस्तीने ही वाट दाखवली. पुढे गोबर गॅस गावोगाव पोचला, त्याचे तत्त्व हेच.

मात्र टाकीतला वायू चूल पेटवतो, तसा जीवही घेतो. आत उतरलेला माणूस पाहतापाहता बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी असे मृत्यू थांबलेले नाहीत. टाकी उपसायची ती पंपाच्या गाडीने.

पण गाडीने उपसलेला मैला न्यायचा कुठे? वाई आणि सिन्नर या आपल्या लहान शहरांनी याचे उत्तर शोधले. पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसायच्या आणि मैला शुद्धीकरण केंद्रात न्यायचा, अशी रीत त्यांनी घातली.

तेव्हा एक दिवस मुलांना घेऊन गावातल्या गटाराच्या कडेने शेवटपर्यंत चालत जा. 'बाहेर' म्हणजे काय, ते पुस्तकाशिवाय कळेल. 'बाहेर' म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाचे गाव, आणि तिथेही कुणीतरी घागर भरीत असते.