फळीपासून ज्यूलपर्यंत : छऱ्याच्या बंदुकीची कायदेशीर मोजपट्टी

कायद्याच्या पुस्तकात भौतिकशास्त्रातले एकक भेटेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. पण भारताच्या शस्त्र नियम, २०१६ मध्ये ‘ज्यूल’ आहे. छऱ्याच्या बंदुकीच्या, म्हणजे एअरगनच्या, नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल, किंवा नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) मोठा असेल, तर ती बाळगण्यासाठी परवाना लागतो. दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्या बंदुकीला तो लागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत शस्त्र परवान्याचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे जातो, तर त्याच जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. कार्यालये दोन असली तरी मोजपट्टी एकच आहे.

वर्गात आपण गतिज ऊर्जेचे सूत्र फळ्यावर लिहितो, दोन-चार उदाहरणे सोडवून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. त्याच सूत्राने एखादी वस्तू कायद्याच्या कोणत्या बाजूला पडते हे ठरते. ही मोजपट्टी कायद्यात कशी आली, तिच्याआधी काय होते आणि ती काय मोजत नाही, हे पाहण्याजोगे आहे.

आधीचा प्रश्न : कोणाकडे?

ब्रिटिश राजवटीतल्या शस्त्रकायद्याला बंदुकीच्या ताकदीपेक्षा बंदूक धरणाऱ्या माणसाची काळजी अधिक होती. १८५७ च्या उठावानंतर लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली. पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला. भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपीय लोकांना मात्र त्यातून सूट होती. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. एकाने लेखणीवर पहारा बसवला, तर दुसऱ्याने शस्त्रावर.

या पहाऱ्याची आठवण ठाण्यातही आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या खटल्यात लंडनहून चोरून पाठवलेली ब्राउनिंग पिस्तुले गाजली होती. महात्मा गांधींनी १९३० च्या प्रारंभी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने मिळावेत अशीही एक मागणी होती. म्हणजे परवाना हा तेव्हा नागरिकत्वाचा, मानाचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. वंशावरून भेद करण्याचे कारण आता उरले नव्हते. पण त्यामुळे दुसरा प्रश्न पुढे आला. सगळे नागरिक समान असतील तर शस्त्राशस्त्रांत फरक करायला हवा. तो कशाच्या आधारे करायचा?

फळीची परीक्षा

नव्या कायद्यातली ‘अग्निशस्त्रा’ची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. स्फोटक पदार्थाच्या जोरावर किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर अस्त्र फेकणारे शस्त्र, असा तिचा आशय आहे. एअरगनमध्ये दारू नसते. तिच्यात दाबलेल्या स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला नळीबाहेर फेकते. काही प्रकारांत आधीच दाबून भरलेली हवा सोडली जाते. आग नाही, धूर नाही. तरी ‘अन्य ऊर्जा’ या दोन शब्दांमुळे ती अग्निशस्त्रांच्या व्याख्येत येते.

ही व्याख्या अवाजवी म्हणता येणार नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांडोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी रायफल खरोखर लढाईसाठी घेतली होती. एकदा भरल्यावर तिच्यातून वीस-बावीस गोळ्या एकामागून एक झाडता येत. हवा दुबळी असते, हा आपला रोजच्या अनुभवातून झालेला समज आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पाहिले की तो डळमळतो.

पण जत्रेत फुगे फोडायची बंदूक आणि ही लष्करी रायफल यांना एकाच नियमाने बांधणे व्यवहार्य नव्हते. म्हणून कमी ताकदीच्या एअरगनना परवान्यातून सूट देण्यात आली, आणि ताकद ठरवण्यासाठी एक अगदी सुताराच्या कामाची परीक्षा ठेवली गेली. एक इंच जाडीच्या साध्या, मऊ लाकडाच्या फळीवर ठरावीक अंतरावरून छरा मारायचा. तो फळीच्या आरपार जाता कामा नये.

या परीक्षेला हसू नये. जे मोजायचे होते ते, म्हणजे भेदण्याची क्षमता, ती थेट मोजत होती. महागडे उपकरण लागत नव्हते आणि निकाल कोणालाही डोळ्यांनी दिसत होता. तिची अडचण निराळी होती. दोन फळ्या सारख्या नसतात. एकीत गाठ असते, दुसरी पावसाळ्यात ओल धरते, तिसरीचे रेषे वेगळ्या दिशेने जातात. मापाचा पहिला गुण असा, की तेच माप कुठेही आणि कोणीही घेतले तरी उत्तर तेच यावे. कल्याणला नापास झालेली बंदूक नागपूरला पास होणार असेल, तर न्यायालयात त्या परीक्षेचे वजन पडत नाही.

ज्यूल येतो

एअरगनना दिलेली सूट योग्य आहे का, हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला. पक्षी आणि भटकी जनावरे यांच्यावर छरे झाडले जातात, अशी प्राणिप्रेमी संघटनांची तक्रार होती. जुन्या १९६२ च्या नियमांच्या जागी २०१६ मध्ये नवे नियम आले, तेव्हा ऊर्जेचा आकडा सीमारेषा झाला : २० ज्यूल, म्हणजेच जवळपास १५ फूट-पौंड.

आता फळी नको. छऱ्याचे वस्तुमान आणि वेग मोजला की झाले. वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. स्पर्धेत वापरला जाणारा छरा साधारण ०.५ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने निघतो. आकडेमोड केली तर ऊर्जा ७.७ ज्यूलच्या आसपास येते. हाच छरा २० ज्यूलची सीमा गाठण्यासाठी सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने जावा लागेल. ऊर्जा २.६ पट झाली, पण वेग मात्र १.६ पटच वाढला. वेगाचा वर्ग म्हणजे काय, हे मुलांना पटवायला हे उदाहरण चांगले आहे.

आज वेग इलेक्ट्रॉनिक उपकरणाने मोजतात. इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये त्याची जी रीत छापली, तिचा विचार कागदावर करून पाहता येतो. टांगलेल्या ठोकळ्यात गोळी रुतते आणि ठोकळा झोका घेतो. समजा, आपला ठोकळा १०० ग्रॅमचा आहे. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने तो छऱ्यासह सेकंदाला ०.८७ मीटर वेगाने निघेल आणि जवळजवळ ४ सेंटिमीटर वर चढेल. आता मुलांना विचारावे : या उंचीवरून निघणारी ऊर्जा किती? ती ०.०४ ज्यूलही भरत नाही. मग उरलेले साडेसात ज्यूल गेले कुठे? ठोकळा भेदण्यात, छरा चपटा होण्यात आणि उष्णतेत. इथे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही. गतिज ऊर्जेचे रूप बदलले आहे. आणि हे हरवलेले ज्यूल हाच इजेचा खरा हिशेब आहे.

ज्यूल काय सांगत नाही

इथे एक चौकस विद्यार्थी हटकेल. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने येतो. त्याची ऊर्जा ७२ ज्यूल भरते. स्पर्धेतल्या छऱ्याच्या नऊपटीहून जास्त! मग चेंडूला परवाना का नाही?

उत्तर क्षेत्रफळात आहे. चेंडूचा काटछेद सुमारे ४१ चौरस सेंटिमीटर, छऱ्याचा अवघा ०.१६. दर चौरस सेंटिमीटरमागे चेंडूचे पावणेदोन ज्यूल येतात, तर छऱ्याचे ४८ च्या घरात. चेंडू हाड मोडू शकतो. छरा कातडीतून आत शिरतो. डोळ्याला तर मर्यादेच्या कितीतरी आतला छराही कायमचा निकामी करू शकतो. लाकडाच्या फळीला हा फरक ‘कळत’ होता, ज्यूलला एकट्याने कळत नाही. आपण नेमके, पुन्हा पुन्हा पडताळता येणारे माप मिळवले, पण ते इजेपासून एक पाऊल दूरचे आहे. नळीच्या व्यासाची अट सोबत आहे. तीही वर्गात चर्चेला घ्यावी. लहान व्यास जास्त भेदक, मग कायदा मोठ्या व्यासाला का अडवतो? (जड छऱ्याचा वेग हवेत लवकर मंदावत नाही, ही दिशा दाखवावी.)

‘परवाना नको’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, हे यातले सर्वांत महत्त्वाचे. ‘काहीही करा’ असा तर मुळीच होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा निराळा कायदा आहे आणि तिथे बंदूक किती ज्यूलची होती हे कोणी विचारत नाही. ठाण्याच्या खाडीतला रोहित असो की निळजे तलावाकाठचा खंड्या, त्याच्यावर छरा झाडणे ही शिकारच. मुंबईत १९०८ च्या सुमारास लहानग्या सालिम अलींनी एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे गेले, आणि त्यातून देशाला एक थोर पक्षितज्ज्ञ मिळाला. ही हकिकत वर्गात सांगताना त्यांना घडवले ते छऱ्याने नव्हे, तर ‘ही वेगळी का?’ या प्रश्नाने, हे सांगायला विसरू नये. आज तोच प्रश्न दुर्बिणीने विचारता येतो.

त्याच बंदुकीची दुसरी बाजूही ठाण्याने पाहिली आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो इथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. या स्पर्धेत लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे ताकद वाढवून काही मिळत नाही. सात-साडेसात ज्यूल पुरेसे होतात. कस लागतो तो श्वासाचा आणि स्थिर हाताचा. सूट पूर्णपणे काढली तर अशा मुलांच्या सरावाच्या वाटेत कागदपत्रांचा डोंगर उभा राहील. ती सैल सोडली, तर गच्चीवरून पारव्यांवर नेम धरणाऱ्यांचे फावेल.

रेषा कुठे आखायची याबद्दल देशांचे एकमत नाही. जर्मनीत ती ७.५ ज्यूलवर आहे. इंग्लंडमध्ये रायफलींसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल. स्कॉटलंडने २०१६ च्या अखेरीपासून जवळपास सगळ्याच एअरगनना परवाना सक्तीचा केला. ज्यूल मात्र सगळीकडे सारखाच. छऱ्यात किती ऊर्जा आहे हे विज्ञान सांगते; त्यातली किती आपण परवान्याविना शेजाऱ्याच्या हाती सोपवायला तयार आहोत, हे समाजाला ठरवावे लागते. नववीच्या मुलांना हे दोन प्रश्न वेगळे करता आले, तर गतिज ऊर्जेच्या पाठाने पाठ्यपुस्तकापलीकडचे काम केले असे म्हणता येईल.