माळवदाचे सवणे आणि सुधारित चुलीचे धुराडे : माढा परिसरातील घरगुती धुराच्या वाटेचा इतिहास

सोलापूर जिल्ह्यात धुराड्याचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ती कापडगिरण्यांची उंच धुराडी, किंवा जून २०२३ मध्ये विमानतळाच्या मार्गातील अडथळा म्हणून पाडण्यात आलेली सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी. घरातल्या चुलीचा धूर कोणत्या वाटेने बाहेर पडत होता आणि ती वाट मोकळी कोण ठेवत होते, या प्रश्नाकडे मात्र स्थानिक इतिहासाचे फारसे लक्ष गेलेले नाही. माढ्याच्या इतिहासात रावरंभा निंबाळकरांचा किल्ला येतो, माढेश्वरीचे मंदिर येते, तालुक्यातील कुर्डुवाडीची रेल्वे येते. स्वयंपाकघर येत नाही.

माढा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. कमी पाऊस आणि कडक उन्हाळा यांना साजेसे येथील जुने घर म्हणजे माळवदाचे घर होय. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, त्यांवर पाला व चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी या सपाट छपराची रचना असे. स्वयंपाकघराच्या माळवदाला एक भोक ठेवलेले असे, तेच सवणे. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. या योजनेचा वेगळेपणा कोकणातील घराशी तुलना केली असता स्पष्ट होतो. तेथील उतरत्या, गवताच्या किंवा कौलांच्या छपरातून धूर फटीफटींनी झिरपत बाहेर पडतो. दमट हवेत सरपण वाळविण्यासाठी तो काही काळ घरात रेंगाळणे सोयीचेही असते. पत्र्याचा नळ बसवावा तर खारे वारे त्याला लवकरच गंज चढवितात. माढ्यासारख्या कोरड्या मुलखात गंजाची भीती कमी. परंतु मातीचे छप्पर फटी सोडत नाही, म्हणून धुरासाठी वाट मुद्दाम करावी लागते.

ही वाट निगेवाचून टिकत नसे. उन्हाळ्यात सवण्याच्या मातीच्या कडेला भेगा पडत. मृग नक्षत्रापूर्वी माळवदावर पांढरी माती नव्याने पसरताना ती कडही थापून उंच केली जाई, अन्यथा पावसाचे पाणी थेट चुलीवर उतरे. पावसाच्या दिवसांत तोंडावर फरशी, पत्रा किंवा पालथी पाटी ठेवली जाई. घटस्थापनेपूर्वी घर झाडताना आतील कड्यांवरची जळमटे व काजळी काढली जात. म्हणजे तपासणी आणि डागडुजी यांना वर्षाच्या कामांत ठरलेली जागा होती, आणि त्यासाठी लागणारी माती, शेण व श्रम घरातच उपलब्ध होते. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सवण्यातून धुराचा काही भागच जाई. बाकीचा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. खोकला व डोळ्यांतून वाहणारे पाणी हे बाईपणाचेच लक्षण असल्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरले गेले.

या दुखण्यावर नळ असलेल्या चुलीचा उपाय पुढे आला तो विसाव्या शतकाच्या मध्यास. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने विकसित केलेली मगन चूल १९४७ ची. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना १९५३ मध्ये पुस्तिकारूपाने मांडली. शासनाच्या पातळीवर डिसेंबर १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याचा सरकारी हिशेब आहे. किती बसविल्या याची नोंद काटेकोर ठेवली गेली. किती नळ पुढे झाडले गेले, याला कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत तेवढे महत्त्व नव्हते.

वस्तुतः प्रश्न तेथेच होता. तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे, गोवऱ्या आणि उजनी धरणानंतर ऊस वाढल्यावर मिळू लागलेले पाचट, हे या भागातील जळण. ते ओलसर असले किंवा कोंडून जळले की नळाच्या आतून काजळीचा व डांबरासारख्या चिकट द्रव्याचा थर धरतो. नळाचा पोकळ भाग आकसला की ओढ कमी होते आणि धूर चुलीच्या तोंडातून परत घरात येतो. नळ माळवदाच्या कठड्यापेक्षा पुरेसा उंच नसेल, तर वाऱ्याच्या भोवऱ्याने हेच घडते. अशा वेळी घरधनीण वैलाशेजारचे भोक मोठे करी, किंवा चूलच मोडून पुन्हा तीन दगड मांडी. बाहेरून आलेल्या पाहणीकाराला हे अडाणीपण वाटे. तिच्या दृष्टीने तो स्वयंपाक वेळेवर उरकण्याचा मार्ग होता.

नळ झाडायचा कोणी? इंग्लंडमध्ये धुराडी झाडणे हा स्वतंत्र धंदा होता. त्यात राबणाऱ्या लहान मुलांसाठी १७८८ पासून कायदे करावे लागले. आपल्याकडे बारा बलुतेदारांत धुराडे झाडणारा नाही, कारण झाडण्याजोगे धुराडेच घरात नव्हते. (रॉकेलच्या छोट्या दिव्यालाच 'चिमणी' म्हणणारी ही भाषा आहे.) शिवाय माळवद चढून माती टाकणे हे बहुधा पुरुषाचे काम आणि चूल सारवणे हे बाईचे. नवा नळ चुलीतून निघून माळवदावर उघडत होता. तो दोघांच्या कामांच्या मधोमध पडला. सवण्याची निगा छपराच्या निगेत आपोआप होत असे. नळाची निगा कोणाच्याच कामात बसली नाही.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. ओडिशातील सुधारित चुलींच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष हॅना, डुफ्लो व ग्रीनस्टोन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे वापर व देखभाल घटत गेली आणि चार वर्षांच्या काळात तो लाभ उरला नाही. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी घरोघर पोहोचविली. तरीही सिलिंडर भरून आणणे परवडत नाही त्या घरांत चूल पेटतेच. माळवदाच्या जागी पत्र्याचे किंवा सिमेंटचे छप्पर आले, त्यात सवण्याला जागा नाही, आणि चूल बहुधा पडवीत किंवा अंगणातील आडोशाला सरकली आहे. पावसाळ्यात ती पुन्हा आत येते.