एका देशाला आडनावं वाटली गेली, त्याची गोष्ट

परवा रात्री युरोपातली एक बातमी लावत होतो. युरोपीय संघाचं परराष्ट्र धोरण सांभाळणाऱ्या काया कल्लास यांचं नाव त्यात होतं. 'कल्लास' लिहायचं की 'कलास', एवढंच बघायला गेलो आणि कळलं की त्यांच्या एस्टोनियन भाषेत कल्लास म्हणजे किनारा, काठ. पान वेळेत गेलं, मी मात्र तिथेच अडकलो.

कारण पुढे बघतो तर मजाच. 1992 पासूनचे एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष घ्या. लेनार्त मेरी, मेरी म्हणजे समुद्र. मग आर्नोल्ड र्‍युटेल. अर्थ घोडेस्वार सरदार. मग तूमास हेंड्रिक इल्वेस. इल्वेस म्हणजे लिंक्स, जंगलातलं मोठं रानमांजर. त्यानंतर केर्स्ती कालयुलाइद, खडकाळ बेट. समुद्र, सरदार, रानमांजर आणि बेट. ओळीने चार!

सामान्य माणसांची आडनावंही अशीच. ताम्म म्हणजे ओक वृक्ष. कास्क म्हणजे बर्च. सार म्हणजे बेट, आणि ॲश नावाचं झाडसुद्धा. सेप्प म्हणजे लोहार. कुक्क म्हणजे कोंबडा, रेबाने म्हणजे कोल्हा. आणि मॅगी (हो, उच्चार जवळपास तोच) म्हणजे डोंगर. गंमत म्हणजे त्या देशातलं सगळ्यात उंच शिखर 318 मीटरचं आहे. आपल्या कळसूबाईच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

मला वाटलं, काय सुंदर परंपरा आहे! झाडापानांत रमणारे लोक, हजार वर्षांपासून हीच नावं लावत असणार. पण मंडळी, तसं अजिबात नाही. यातली बहुतेक आडनावं जेमतेम दोनशे वर्षांची आहेत. आणि ती परंपरेने आली नाहीत, सरकारी हुकमाने वाटली गेली.

त्याआधी तिथला शेतकरी हा भूदास होता. राज्य रशियाच्या झारचं, पण जमीन, कोर्ट, चर्च सगळं बाल्टिक जर्मन जमीनदारांच्या हातात. शेतकरी जमिनीला बांधलेला, मालकाच्या शेतावर वेठ करायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. त्याला आडनाव लागतच नव्हतं. ज्या वाडीवर राहतो तिचं नाव पुढे, त्याचं स्वतःचं नाव मागे. 'मॅए यान' म्हणजे डोंगराच्या वाडीवरचा यान. हाच यान उद्या दुसऱ्या वाडीवर गेला की त्याचं नावही बदललं. आपल्याकडे वाईचा माणूस पुण्यात येऊन चार पिढ्या राहिला तरी वाईकरच राहतो. तिथे तसं नव्हतं. वाडी सुटली की नाव सुटलं.

सरकारला माणसं मोजायला लागायची ती करासाठी आणि सैन्यभरतीसाठी. रशियन साम्राज्यात त्या मोजणीला 'आत्म्यांची मोजणी' म्हणत आणि डोईपट्टी बसायची ती पुरुष आत्म्यांवर. 

मग झार पहिला अलेक्झांडर याच्या काळात भूदासपण संपवणारे कायदे आले. आजच्या एस्टोनियाचा उत्तर भाग तेव्हा एस्टोनिया प्रांतात होता, तिथे 1816 मध्ये. दक्षिण भाग लिव्होनिया प्रांतात, तिथे 1819 मध्ये. आता शेतकरी कायद्याने मोकळा माणूस झाला. मोकळ्या माणसाला करार करावा लागतो, कोर्टात उभं राहावं लागतं. नुसत्या 'यान'वर भागणार कसं? म्हणून आडनाव. दक्षिणेत ही मोहीम मुख्यतः 1822 ते 1826 या काळात झाली, उत्तरेत 1834-35 मध्ये. थोड्या वर्षांत एका अख्ख्या समाजाला आडनावं!

लक्षात घ्या, जमीन मात्र मिळाली नाही. ती जमीनदाराकडेच राहिली आणि मोकळ्या झालेल्या माणसाला तीच जमीन कसण्यासाठी पुन्हा वेठ करावी लागली. जमीन विकत घेण्याची वाट खऱ्या अर्थाने उघडली ती 1849 आणि 1856च्या कायद्यांनंतर. स्वातंत्र्याच्या नावाखाली आधी हातात पडलं ते आडनाव.

बरं, नाव ठरवायचं कुणी? कागदोपत्री शेतकऱ्याने. पण नोंद जमीनदाराच्या कचेरीत, लिहिणारा जर्मन कारकून नाहीतर पाद्री. जिथे शेतकऱ्याला काही सुचलं तिथे त्याने वाडीचं नाव दिलं, धंद्याचं दिलं, बापाचं दिलं. जिथे नाही, तिथे साहेबाने समोर दिसेल ते दिलं. झाडं संपली की पक्षी, पक्षी संपले की जनावरं. काहींना थट्टेची नावंही चिकटली. बंदीही होती. सरदार घराण्यांची आडनावं घ्यायची नाहीत. वेगवेगळ्या जमीनदारांकडे असलेल्या सख्ख्या भावांना दोन वेगळी आडनावं मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. उलट, आज ताम्म आडनावाची पाच हजारांच्या आसपास माणसं आहेत, त्यातल्या बहुतेकांचं एकमेकांशी नातं नाही.

अनेकांच्या वाट्याला सरळ जर्मन नावंच आली. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फ्रीडरिश राइनहोल्ड क्रॉइट्सवाल्ड (1803-1882). भूदास आईबापांचा मुलगा, पुढे डॉक्टर झाला आणि लोककथा गोळा करून 'कालेविपोएग' हे एस्टोनियाचं राष्ट्रीय महाकाव्य त्याने लिहिलं. घरचं नाव रिस्तमेत्स, म्हणजे क्रूसाचं रान. त्याचंच जर्मन भाषांतर क्रॉइट्सवाल्ड. राष्ट्राचं महाकाव्य लिहिणारा माणूस आजही मालकाच्या भाषेतल्या नावानेच ओळखला जातो. शिकून वर जायचं तर जर्मन व्हावं लागायचं, त्याची ही खूण.

1918 मध्ये देश स्वतंत्र झाला. 1919 च्या कायद्याने जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या. आता नावांचं काय? 1930च्या दशकात सरकारने 'एस्टोनियन आडनाव घ्या' अशी मोठी मोहीम चालवली. सुचवलेल्या नावांच्या याद्या निघाल्या. गृहमंत्री कार्ल आइनबुंड यांनीही 1935 मध्ये आपलं नाव बदलून कारेल ऐनपालू केलं. सुमारे अकरा लाखांच्या देशात 1940 पर्यंत दोन लाखांहून जास्त लोकांनी आडनावं बदलली.

हे वाचताना मी जरा थबकलो. मालकाने दिलेलं नाव टाकून द्यावंसं वाटणं मला समजतं. पण 1934 पासून तिथे लोकशाही गुंडाळून ठेवलेली होती आणि मोहीम पुन्हा वरूनच आली होती. काही जणांनी जुनं नाव सोडलं नाही. युर्गेनसोनसारखी आडनावं तिथे आजही भरपूर आहेत. शंभर वर्षं आजी-आजोबांनी अंगावर वागवलेलं नाव कुणी दिलं होतं, याने त्यांना फरक पडला नसावा.

1939 मध्ये हिटलरच्या बोलावण्यावरून बाल्टिक जर्मन मोठ्या संख्येने देश सोडून गेले. मग सोव्हिएत राजवट आली, रशियन कामगार आले. आज एस्टोनियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव इवानोव आहे, ताम्म दुसरं. आडनावांची नुसती यादी लावली तरी दोनशे वर्षांत कोण आलं, कोण राहिलं ते वाचता येतं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? आमच्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. तिथे आत्मे मोजायचे, इथे कोयते. काही वर्षांपूर्वी एका टोळीच्या ट्रॅक्टरला अपघात झाला. मी बातमी दिली, 'ऊसतोड महिला मजूर ठार'. नाव मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते मिळवायला थांबलो नव्हतो, पान सोडायची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी तिचा दीर कात्रण घेऊन आला. भांडला नाही. "सायेब, वहिनीचं नाव न्हाई आलं," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत नाव छापलं. आडनावासकट. तो ते कात्रणही घेऊन गेला.