सिलोनच्या डच घराण्यांचा माग काढणारा वकील : रिचर्ड अँथोनिझ

वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. पडक्या भिंती आणि त्यांवर वाढलेली झाडं. ही वखार होती डच ईस्ट इंडिया कंपनीची. १७ व्या शतकात कंपनीची माणसं कोकणात आली, व्यापार केला आणि काही वर्षांनी निघून गेली.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, मात्र ती राहिली. १६५६ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोलंबो घेतलं आणि १७९६ मध्ये इंग्रज येईपर्यंत किनारपट्टी आपल्या ताब्यात ठेवली. या काळात कंपनीचे शिपाई, कारकून, कारागीर तिथेच लग्न करून स्थायिक झाले. सगळेच डच होते असंही नाही, कंपनीच्या नोकरीत जर्मन आणि फ्रेंच माणसंही होती. त्यांच्या वंशजांना ‘बर्गर’ म्हणतात.

इंग्रजी राज्यात या लोकांनी इंग्रजी उचलली आणि घरातली डच भाषा गेली. कागद तेवढे उरले. आपल्याकडे माळ्यावर मोडीची दप्तरं असतात आणि घरात वाचणारा कुणी नसतो, तशीच गत.

अशाच एका बर्गर घरात १८५२ मध्ये रिचर्ड जेराल्ड अँथोनिझ यांचा जन्म झाला. पेशाने वकील. आता वकिलाचा आणि वंशावळीचा काय संबंध? तर सिलोनमध्ये इंग्रजांनी डचांचा कायदा चालूच ठेवला होता. रोमन-डच कायदा म्हणतात तो, आणि श्रीलंकेत त्याचा पाया आजही टिकून आहे. त्यामुळे जमीन आणि वारसाहक्काच्या भांडणात डच काळातले कागद पुरावा म्हणून पुढे येत.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं दप्तर म्हणजे ‘थोंबो’. सातबारा आणि रेशन कार्ड एकत्र शिवावं तसं काहीसं : कुणाची जमीन किती, झाडं किती आणि घरात माणसं कोण कोण. गंमत म्हणजे डचांनी लिहिलेल्या या दप्तरात मोठा भरणा सिंहली कुटुंबांचा आहे.

अँथोनिझ पुढे सिलोन सरकारचे पहिले अभिलेखपाल झाले. डच कागदांच्या या ढिगात काय काय आहे, याचा त्यांचा अहवाल १९०७ मध्ये आला. १९०८ मध्ये कोलंबोत ‘डच बर्गर युनियन’ ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. संस्थेच्या नियतकालिकात चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदींवरून एकेका घराण्याची वंशावळ छापली जाऊ लागली.

पण या कामाला एक काळी बाजूही होती. युनियनचं सभासद व्हायचं तर कंपनीच्या नोकरीतल्या युरोपीय माणसापर्यंत बापाकडून नातं दाखवावं लागे. म्हणजे आईचं घराणं मोजायचंच नाही. खरं तर सुरुवातीच्या पिढ्यांतल्या कित्येक आया पोर्तुगीज आणि स्थानिक अशा मिश्र रक्ताच्या होत्या. त्यांच्यामुळेच हा समाज या बेटावर रुजला. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांतही लेकीची नोंद सासरच्या गावापाशी थांबते, त्यातलाच हा प्रकार.

१९२९ मध्ये अँथोनिझ यांचं ‘द डच इन सिलोन’ हे पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

वंशावळ्यांचा खरा उपयोग त्यांच्यानंतर झाला. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. इंग्रजीवर नोकऱ्या करणारे बर्गर अडचणीत आले आणि मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाकडे निघाले. तिथे तेव्हा गोऱ्यांनाच प्रवेश देण्याचं धोरण होतं, त्यामुळे आपला वंश युरोपीय असल्याचं दाखवावं लागे. हौसेने छापलेली घराण्यांची झाडं अशी पुराव्याची कागदपत्रं झाली.

कोलंबोतलं डच दप्तर आज श्रीलंकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. कंपनीच्या जगभरच्या कागदपत्रांना २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत जागा मिळाली. त्यात चेन्नईच्या अभिलेखागारातली डच कागदपत्रंही येतात. कोचीनकडची बरीचशी दप्तरं तिथेच आहेत.