लज्जा, विनय, अब्रू
छेडछाडीच्या कुठल्याही फिर्यादीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.’ फिर्याद देणारी असं बोलत नाही. ती सांगते, त्यानं हात धरला, मी ओरडले, डोकं फिरलं माझं. ठाणे अंमलदारानं ते कागदावर उतरवेपर्यंत संतापाची लज्जा झालेली असते. त्याचाही इलाज नसतो. कलम विनयभंगाचं लावायचं (पूर्वी ३५४, आता भारतीय न्याय संहितेचं ७४), तर विनयाला धक्का लागल्याचं आधी लिहायला हवं.

‘विनय’ मुळात शाळेतला शब्द. ‘नी’ म्हणजे नेणे. ‘वि’ लागला की वळण लावणे, शिकवणे. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षू आणि भिक्षुणी, दोघांच्या आचाराचे नियम आहेत. आपल्या कायद्याच्या मराठीत मात्र विनय एकट्या बाईचा राहिला आणि तो दुसऱ्यानं येऊन मोडायचा झाला. शब्दाच्या जुन्या अर्थानं पाहिलं तर हात धरणारा स्वतःचाच विनयभंग करत असतो!

‘बलात्कार’ त्या मानानं सरळ आहे. बलात्, म्हणजे बळानं, केलेली गोष्ट. धर्मशास्त्रात ऋणकोला डांबून, मारून कर्ज वसूल करण्यालाही बलात्कारच म्हणत. विदर्भातल्या कारंज्याला दिगंबर जैनांच्या ज्या भट्टारकांची गादी होती, त्यांच्या परंपरेचं नाव बलात्कार गण. पहिल्यांदा वाचणारा दचकतोच. या शब्दात बाई नाही, तिचं शील नाही, करणाऱ्याचा जोर तेवढा आहे. म्हणून मला तो उघडाबोडका शब्दच बरा वाटतो. वर्तमानपत्रं सोवळेपणानं ‘अतिप्रसंग’ छापतात. न्यायशास्त्रात अतिप्रसंग म्हणजे एखादा नियम नको तिथंही लागू होण्याचा दोष. गुन्ह्याला तर्कातल्या चुकीचं नाव!

खरा घोळ घातला आहे तो ‘अब्रू’नं. फारसी आब म्हणजे पाणी, तेज. रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं तेज ते आबरू. अब्रूनुकसानीचा दावा लावणाऱ्याची अब्रू कोर्टात भरून मिळते. बाईची मात्र ‘लुटली’ जाते, आणि या लुटीतला मुद्देमाल कधीच परत मिळत नाही. लुटणाऱ्याच्या हातीही काही लागलेलं नसतं, तरी ही कंगाल. ‘त्याच्याशीच लग्न लावून द्या’ हा गावकीचा तोडगा याच हिशोबातून निघतो: ज्यानं नेली त्यानंच भरून द्यावी.

हा हिशोब अडाण्यांचाच आहे असं मानायचं कारण नाही. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ ओळखण्याच्या खुणा शिकवल्या जात. पुरुषाच्या कौमार्याच्या खुणांचा धडा नव्हता. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा विषय लावून धरला, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो धडा एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. अत्याचार झालेल्या मुलीला पहिल्यांदा तपासतो तो याच वर्गांतून बाहेर पडलेला डॉक्टर, म्हणून ही गोष्ट मला कलमांच्या बदलाइतकीच मोठी वाटते.

मदतीच्या बाजूनं मराठीत एक चांगला शब्द आला, तो सरकारी कागदावर, हे नवल. राज्याची २०१३ ची ‘मनोधैर्य’ योजना. अर्थसाहाय्य आणि पुनर्वसनाच्या या योजनेच्या नावात अब्रू नाही, शील नाही, मन आहे. ‘पीडिता’बद्दल मात्र दोन मतं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या लिंगभावविषयक पुस्तिकेनं ‘व्हिक्टिम’ आणि ‘सर्व्हायव्हर’ दोन्ही चालतील म्हटलं आहे. त्या व्यक्तीनं एखादा शब्द पसंत केला असेल, तर तो पाळायचा. आपल्याकडे कार्यकर्त्या बोलताना सरळ ‘सर्व्हायव्हर’च म्हणतात.

आणि मुलगे? २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण मुलाला अब्रूच दिलेली नसल्यानं ती लुटल्याचंही कुणी म्हणत नाही. धीर एकवटून तो घरी सांगतो, तेव्हा माणसं विचारतात, ‘तुझं काय गेलं?’