वेज : कठीण वस्तूला बारीक भोक पाडण्याचा इतिहास



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने भोकांवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण भोक ही आमच्याकडची जुनी अडचण आहे, बरं का. भोक म्हणजे वस्तू की वस्तूचा अभाव? नंतरच्या वैशेषिकांनी तर अभावाला स्वतंत्र पदार्थच मानलं. आज मात्र मी त्या वादात शिरत नाही. आजचा प्रश्न हातांचा आहे: जी वस्तू लोखंडाला दाद देत नाही, तिला केसाएवढं भोक माणसाने पाडलं कसं?

आपण येडशीत बसलोय, तेव्हा सुरुवात तेरपासूनच करू. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून दहा दिवसांवर तगर, असं अंतर दिलंय. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड, सगळं गाड्यांवर लादून अवघड वाटेने भडोचला जायचं. 1958 साली चापेकरांनी तेरला उत्खनन केलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथे आहे. लोक तिथे जातात ती हस्तिदंती बाई पाहायला. अगदी तशाच धाटणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली, म्हणून तिचं कौतुक. मी मात्र तिथे उभा राहतो मण्यांपुढे.

अकीक आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होतो, आपल्या गारगोटीचा भाऊच म्हणा. त्यावर पोलाद घासलं तर पोलादच झिजतं. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी तांबूस कार्नेलियनचे बोटापेक्षा लांब मणी केले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वेज पाडला. त्यांचं हत्यार चन्हुदडो आणि धोलावीरा इथे सापडलं. ती एका विशिष्ट दगडाची बारीक दांडी होती, टोकाला किंचित रुंद आणि कंबरेत बारीक. कंबर बारीक ठेवल्याने दांडी भोकात अडकत नाही आणि दगडाची भुकटी बाहेर यायला वाट मिळते. त्या दगडाला केनोयर आणि विदाले या अभ्यासकांनी 'अर्नेस्टाइट' असं नाव दिलं, उत्खनक अर्नेस्ट मॅके यांच्यावरून. प्रयोग करून पाहिल्यावर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडतं, असं दिसलं. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला चोवीस तास, आठ-आठ तासांचे तीन दिवस. आणि शेवटच्या क्षणी मणी तडकला, तर तीनही दिवस पाण्यात.

मग आला हिरा. खंबातचे कारागीर आजवर वापरत आले ते साधन आपल्या सुताराच्या सामत्यासारखंच: धनुकलीने फिरवायची लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला बसवलेल्या हिऱ्याच्या दोन बारीक कण्या. मणी लाकडी चापात धरायचा, वरून थेंब थेंब पाणी. भोक एका बाजूने पार काढायचं नाही. अर्ध्यावर थांबून मणी उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूने यायचं. का? कारण सळई पार होते तिथे दगडाचा टवका उडतो. ही एवढीशी युक्ती ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कालिदासाला हे ठाऊक होतं. रघुवंशाच्या आरंभी तो म्हणतो की, या वंशात माझा शिरकाव हिऱ्याने वेधलेल्या रत्नातून दोरा जावा तसा आहे, वाट आधीच्यांनी करून ठेवलीय. उपमा कळायची तर श्रोत्यांनाही वेधकाम माहीत असणारच. पण हिरा सळईत बसवायचा कसा, किती दाबायचं, हे कुणी लिहिलं नाही. आमच्या शास्त्रीमंडळींनी अभावावर पोथ्या लिहिल्या आणि भोक पाडणाऱ्याला एक ओळ दिली नाही. याचा मला राग येतो, आणि त्या मंडळींत मी स्वतःही मोडतो.

तो पुरावा शेवटी उलगडला कुणी? दातांच्या डॉक्टरांनी! गोरेलिक आणि ग्विनेट या दोघांनी 1980 च्या दशकात दातांचा साचा घेतात तसा मण्यांच्या भोकांचा साचा घेतला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हिऱ्याने पाडलेल्या भोकात सारख्या, बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात. ही हिऱ्याची खूण त्यांनी भारतापासून रोमपर्यंत माग काढत नेली.

आता थोडं युरोपात जाऊ. तुमच्यापैकी ज्येष्ठांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं ना? तबकडीवर '17 ज्युएल्स' लिहिलेलं. ती रत्नं शोभेची नव्हेत, चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली भोकाची माणकं. 1704 साली न्यूटनचा स्विस मित्र फातिओ आणि दोघे दबॉफ्र बंधू यांनी लंडनमध्ये माणकाला भोक पाडण्याचं पेटंट घेतलं. ही विद्या इंग्रजांनी बराच काळ आपल्याकडेच राखली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्नुई यांनी भट्टीत कृत्रिम माणिक केलं आणि ते स्वस्त झालं.

माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्याचीच पूड दाबून भाजली की होतो ॲल्युमिना, आजच्या कारखान्यातलं सिरॅमिक. मोटरसायकलच्या स्पार्क प्लगचा पांढरा भाग तोच. तो गंजत नाही, उष्णतेला भीत नाही, पण वाकतही नाही, एकदम तडकतो. पोलादाला ड्रिल लावलं की कीस निघतो. इथे निघते ती भुकटी आणि तडे.

यावरचा एक उपाय आमच्या गोरोबाकाकांच्या व्यवसायातला आहे. तेरचाच कुंभार तो! झारीच्या तोटीचं भोक कुंभार भट्टीआधी, माती ओली असताना पाडतो. कारखान्यातही कच्च्या ॲल्युमिनालाच भोक पाडतात. मात्र भाजताना तो प्रत्येक दिशेने 15 ते 20 टक्के आटतो. अर्ध्या मिलिमीटरचं भोक 0.4 च्या आसपास येतं, आणि कधी जागेवरून सरकतं. अगदी काटेकोर माप हवं तर भाजल्यावरच पाडावं लागतं, आणि तिथे पुन्हा हिराच. किंवा लेसर, पण त्याने वितळलेला थर आणि सूक्ष्म तडे मागे राहतात. किंवा सेकंदाला वीसेक हजार वेळा थरथरणारी मऊ धातूची सुई आणि पाण्यात कालवलेली बोरॉन कार्बाइडची पूड. सुई कापत नाही, ती पुडीचे कण सिरॅमिकवर आपटते. आणि पार होताना टवका उडू नये म्हणून खाली आधाराची पट्टी चिकटवतात, नाहीतर दोन्ही बाजूंनी येतात. खंबातच्या चापातलीच अडचण!

एक गोष्ट सांगायची राहिली. भोक पाण्याखाली पडतं, पण अकीक घासून आकार देण्याचं काम कोरडं चालत आलंय. ती धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि वर क्षयाचा धोका वाढतो. खंबातच्या घासकाम करणाऱ्यांत हा आजार वैद्यकीय पाहण्यांत नोंदला गेलाय.

पुढच्या वेळी तेरला गेलात तर हस्तिदंती बाईला नमस्कार करा आणि मण्यांपाशी या. भिंग बरोबर न्या. दोन्हीकडून आलेली भोकं मध्ये नीट जुळलीत का, की हात थोडा चुकलाय, तेवढं पाहा.