अखंड षड्ज : घरातल्या नेटवर्कवरून संगीत वाहते ठेवण्याविषयी

एका खोलीत साठवलेले संगीत दुसऱ्या खोलीत ऐकायचे, एवढाच हा प्रश्न. जमवलेल्या सीडी संगणकावर उतरवून घेतलेल्या असतात, दिवाणखान्यात बरे स्पीकर असतात, आणि मधे वाय-फाय असते. विलंबित ख्यालाची दहा मिनिटे सुखाने जातात आणि नेमका समेच्या अलीकडे आवाज नाहीसा होतो. चार सेकंदांनी परत येतो, पण तोवर सम निघून गेलेली असते. अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटचा मोठा प्लॅन घेतात. मीही घेतला होता. त्याने काहीच का बदलले नाही, याचे उत्तर शोधताना या विषयाची मांडणी हाती लागते.

आधी हिशेब. सीडीवरच्या ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार १४,११,२०० बिट, म्हणजे सेकंदाला १.४ मेगाबिट. फ्लॅक या पद्धतीने आवाजाचा कणही न गमावता हे ओझे साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांशावर येते. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ अशा चैनीच्या ध्वनिमुद्रणालाही आकुंचनाशिवाय ९.२ मेगाबिटच लागतात. वीस वर्षांपूर्वीचे वाय-फाय कागदावर ५४ मेगाबिटांचे होते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याहून कमी मिळत, तरी ते पुरले असते. शिवाय घरातल्या सर्व्हरवरून घरातल्याच प्लेअरकडे जाणारे गाणे उंबरठा ओलांडतच नाही. ते राउटरपर्यंत जाते आणि तिथून वळते. बाहेरून येणारी वायर त्या वेळी काढून टाकली तरी मैफल चालू राहायला हवी.

तेव्हा प्रश्न वेगाचा नाही, वेळेचा आहे. ज्या घरांत नळाला दिवसातून दोनदा पाणी येते, तिथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. नळ ठरावीक वेळीच वाहतो, तरी मोरीत दिवसभर पाणी असते, कारण गच्चीवर टाकी आहे. प्लेअरमधली ही टाकी म्हणजे बफर. नेटवर्क धक्क्याधक्क्याने भरते, स्पीकर एकसारखा उपसतो. जोवर टाकी रिकामी होत नाही तोवर ऐकणाऱ्याला आतली ओढाताण कळत नाही.

इथे दोन अटी आहेत आणि त्यांतली दुसरी सहसा विसरली जाते. पहिली अशी, की सर्वांत लांब खंड टाकीतल्या साठ्यापेक्षा छोटा असावा. समजा बफर २ मेगाबाइटचा आहे. सेकंदाला ०.९ मेगाबिट खाणाऱ्या सीडीच्या फ्लॅकला तो अठरा सेकंद पुरेल, ५ मेगाबिट खाणाऱ्या उच्च दर्जाच्या फाइलला जेमतेम तीन. म्हणून त्याच घरात, त्याच यंत्रावर एक फाइल सुरळीत चालते आणि दुसरी अडखळते. दुसरी अट टाकी पुन्हा भरण्याची. चार सेकंदांच्या खंडात ३.६ मेगाबिट संगीत खर्च होते. वाट ५ मेगाबिट देत असेल तर शिल्लक राहतात ४.१, आणि तूट सेकंदाच्या आत भरून निघते. पण कोपऱ्यातल्या खोलीत तीच वाट १.२ मेगाबिटांवर आली, तर शिल्लक फक्त ०.३. मग तेवढीच तूट भरायला बारा सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा खंड, मग तिसरा आला की टाकी पायरीपायरीने उतरत जाते. गाणे तुटते ते बहुधा अशा लागोपाठच्या छोट्या खंडांमुळे. ‘दहा मिनिटे नीट चालले आणि मग बिघडले’ या तक्रारीचा उलगडा इथे होतो.

आता खंड येतात कुठून? वाय-फायच्या एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक यंत्र आधी ऐकते, शांतता दिसली तर बोलते, दोघे एकदम बोलले तर दोघेही थांबून पुन्हा प्रयत्न करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल म्हणजे १, ६ आणि ११, असे तीनच. सोसायटीच्या एका मजल्यावर चार घरे, वर-खाली आणखी आठ, आणि सगळी या तीन चॅनलांवर. शेजारच्या घरातला दूरवरचा, रडतखडत चालणारा फोनही आपला वेळ खातो, कारण कमी वेगाने बोलणारा तेच वाक्य जास्त वेळ बोलतो. ब्लूटूथ याच पट्ट्यात आहे आणि मायक्रोवेव्हही. साध्या मायक्रोवेव्हची गंमत अशी, की त्याची लहर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळच बाहेर पडते : दहा मिलिसेकंद गोंगाट, दहा मिलिसेकंद शांतता. त्या फटींतून वाय-फाय कसेबसे निभावते, पण दूध गरम होईपर्यंतच्या दीड मिनिटात टाकीची पातळी चांगलीच खाली जाते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा यापेक्षा मोकळा आहे, मात्र भिंती त्याला लवकर अडवतात. आरसीसीच्या भिंतीतले लोखंड, आरसा लावलेले कपाट, फिश टँकमधले पाणी हे सगळे वाटेतले जकातदार. हा अडसर गैरसोयीचा असला तरी शेजाऱ्यांचा गोंगाटही त्यानेच बाहेर राहतो. राउटर आणि प्लेअर एकाच किंवा लगतच्या खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झच घ्यावा. दोन भिंतींपलीकडे मात्र आकडे पाहून ठरवावे.

वायरीबद्दल माझे मत ठाम आहे. जे हलत नाही त्याला वायर. सगळे घर खोदणे शक्य नसले, तरी सर्व्हर राउटरशेजारी ठेवून एक मीटरची इथरनेट केबल लावणे कुणालाही शक्य आहे, आणि फायदा सर्वांत जास्त तिथेच होतो. कारण सर्व्हर आणि प्लेअर दोन्ही वाय-फायवर असले, तर प्रत्येक पाकीट त्याच हवेतून दोनदा जाते, आधी सर्व्हरकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून प्लेअरकडे. एक टोक वायरीवर आले की हवेतली गर्दी निम्मी. एकाच रेडिओवर चालणारा एक्स्टेंडर याच्या उलट करतो. तो ऐकलेले सगळे पुन्हा बोलून दाखवतो आणि निम्मा वेळ त्यातच घालवतो. सिग्नलच्या पाचही रेघा दिसतात आणि गाणे तुटतच राहते. त्यापेक्षा केसिंग-पट्टीतून नेलेली साधी कॅट ५ई केबल बरी. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. फक्त विजेच्या वायरींच्याच पाइपात ती ओढू नये.

दुसऱ्या जातीची तक्रार वेगळी असते : गाणे तुटत नाही, प्लेअरच दिसत नाही. डीएलएनए पद्धतीची यंत्रे एकमेकांना शोधताना २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर हाक मारतात. ही हाक राउटरची हद्द ओलांडत नाही. फायबरवाल्याने बसवलेली पेटी स्वतःच राउटर असते, आपण तिच्यामागे आपला राउटर लावतो, आणि नकळत घरात दोन नेटवर्के तयार होतात. फोन एकावर, प्लेअर दुसऱ्यावर. दोघेही इंटरनेटवर असतात, पण एकमेकांसाठी नसतात. दोहोंपैकी एकाला नुसत्या ॲक्सेस पॉइंटच्या भूमिकेत ठेवले की भानगड मिटते. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर तर ही आडभिंत मुद्दाम घातलेली असते. शिवाय वाय-फायवर अशा सामुदायिक हाकेला पोच मिळत नाही, हरवली तर ती हरवलीच. म्हणून राउटरमध्ये सर्व्हर आणि प्लेअर यांचे पत्ते कायमचे राखून ठेवावेत. रोज नव्या पत्त्यावर राहणाऱ्याला शोधत बसण्यापेक्षा हे सोपे.

सर्व्हर कोणता, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझी कसोटी एकच : इंटरनेट बंद असताना घरचे संगीत वाजले पाहिजे. स्क्वीझबॉक्स हे प्लेअर बनवणे लॉजिटेकने २०१२ मध्ये थांबवले, पण त्यांचा सर्व्हर मुक्त स्रोत असल्याने तो आजही लिरियन या नावाने जिवंत आहे. बंद सेवेवर टांगलेले महागडे यंत्र मात्र सेवेबरोबरच मुके होते.

दोन खोल्यांत एकदम वाजवायचे असेल तर घड्याळांचा प्रश्न उभा राहतो. दोन प्लेअरच्या स्फटिकांत दहा लाखांत ५० इतका फरक असला, तरी बारा मिनिटांत ते ३६ मिलिसेकंदांनी फाकतात आणि कानाला प्रतिध्वनी जाणवू लागतो. तेव्हा दोन्हीकडे नुसते एकदम ‘प्ले’ दाबून भागत नाही. सुसंगती सतत सांभाळणारी प्रणालीच लागते.

विजेचे थोडक्यात. इन्व्हर्टर भार उचलायला क्षणभर घेतो, तेवढ्यात काही राउटर पुन्हा सुरू होतात. फायबरची पेटी, राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर ठेवावेत. प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय वापरत असाल, तर अचानक वीज गेल्याने त्याचे एसडी कार्ड खराब होऊ शकते. पायकोअरप्लेअरसारखी, सुरू झाल्यावर मेमरीतूनच चालणारी प्रणाली असेल तर ही धास्ती बरीच कमी.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बिघाडाची वेळ लिहून ठेवावी. रात्री नऊनंतर तुटत असेल तर शेजाऱ्यांची गर्दी, स्वयंपाकाच्या वेळी तुटत असेल तर मायक्रोवेव्ह, फोनची स्क्रीन विझल्यावर तुटत असेल तर फोनची बॅटरी-बचत. प्लेअरला हजार वेळा पिंग करून पाहावे आणि सरासरीकडे दुर्लक्ष करावे. चार मिलिसेकंदांच्या सरासरीआड कितीतरी मोठे विलंब लपलेले असतात, आणि टाकी उपसली जाते ती त्यांच्यामुळे.

शेवटची परीक्षा तानपुऱ्याची. तबल्याच्या भरात किंवा वाद्यवृंदात बारीकशी फट निसटून जाते, तानपुऱ्याच्या संथ नादात ती लगेच टोचते. तासाभराचे ध्वनिमुद्रण संध्याकाळच्या गर्दीत लावून ठेवावे आणि घरातली कामे करावीत. मात्र पाच मिनिटांची एमपी३ फाइल पुन्हापुन्हा फिरवत ठेवू नये. एमपी३च्या दोन्ही टोकांना आकुंचनाच्या वेळी मौनाचे तुकडे चिकटतात, आणि दर पाच मिनिटांनी ऐकू येणारी ती फट विनाकारण राउटरच्या नावे लिहिली जाते.